कोबी, मटण आणि भरारी पथक

पद्मिनीताईंनी चोवीस वर्षं शाळा चालवली आणि त्यातली अकरा वर्षं दहावीच्या परीक्षेला भरारी पथकात काढली. त्यामुळे माणूस समोर आला की त्या आधी त्याच्या बाह्या बघत, चेहरा मग. कॉपी बाह्यांत असते, आणि चेहरा कुणीही निरागस करू शकतो.

डब्लिनजवळ डून लेरीला समुद्रासमोर ‘ब्रिग्गा’ नावाचं नॉर्वेजियन रेस्टॉरंट आहे. गुरुवारी दुपारी एक वाजता त्या तिथे शिरल्या, तेव्हा अंगात भावजयीची पँट, तिचंच जाकीट आणि कानांवर ओढलेली लोकरीची टोपी होती. एकुलत्या एक मुलीच्या, कौमुदीच्या, फोनमधल्या झाडून सगळ्या फोटोंत आई साडीत होती. तेव्हा एवढा वेष पुरे, असा हिशेब.

या रेस्टॉरंटच्या अर्ध्या भागीदाराशी, आशुतोषशी, कौमुदीला लग्न करायचं होतं. मूळ नागपूरचा. इथे डब्लिनला चांगली सॉफ्टवेअरची नोकरी होती, ती सोडून दोन वर्षं नॉर्वेत भांडी घासली, स्वयंपाक शिकला आणि परत येऊन हे उघडलं. रीतसर भेट शनिवारी ठरली होती. रविवारी ताईंचं पुण्याचं विमान. “तू मनापासून हो म्हणालीस तरच,” असं कौमुदीने स्वच्छ सांगितलं होतं आणि सगळा भार आईच्या डोक्यावर ठेवून ती ऑफिसला गेली होती.

आता शनिवारी मुलगा काय, पढवलेला पोपट असणार. खरी परीक्षा न कळवता घ्यायची असते. म्हणून गुरुवार.

बरोबर धाकटा भाऊ सतीश होता, इथल्याच मलिंगार गावच्या हॉस्पिटलातला डॉक्टर. तो रजा काढून गाडी घेऊन आला होता. पद्मिनीताईंचा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच होता.

“तू त्याला फोन नाही ना केलास?”

“ताई, माझ्याकडे त्याचा नंबर पण नाहीये गं.”

“मग आपल्याला खिडकीतलं टेबल कसं मिळालं?”

“कारण सगळं हॉटेल जवळजवळ रिकामं आहे! गुरुवार आहे. इट्स ग्रँड. बस.”

त्या बसल्या. वाढणारी आयरिश मुलगी हसत आली. का हसली? न मागता पाव आणि तपकिरी चीज ठेवून गेली. का ठेवलं? पेपर फुटलाय, पद्मिनीताईंनी मनात नोंद केली. चीज मात्र खाल्लं. ते गोड होतं, खव्यासारखं. म्हणजे आणखी एक संशयास्पद गोष्ट.

मेन्यूवर पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : आजीच्या पद्धतीचं फोरिकोल, नव्या रूपात.

“कुणाची आजी?” त्यांनी त्या मुलीला इंग्रजीत विचारलं.

“दुसऱ्या पार्टनरची. तिकडे, नॉर्वेत.”

“हयात आहे?”

मुलगी गोंधळली. सतीशने घाईघाईने दोन फोरिकोल सांगून टाकली.

फोरिकोल म्हणजे मटण आणि कोबी. एवढंच. मटणात कोबी, मीठ, आख्खी मिरी आणि पाणी. तिकडच्या लोकांचा हा लाडका पदार्थ, असं सतीशने फोनवर वाचून सांगितलं. आजी ते सगळं एका पातेल्यात थरावर थर रचून शिजवत असणार. इथल्या नव्या रूपात मटणाची दाबून केलेली चौकोनी वडी, शेजारी एका अंगाने काळा होईपर्यंत लोण्यात भाजलेली कोबीची फोड, आणि रस्सा वेगळा, किटलीतून, टेबलापाशी येऊन ओतायचा.

आणि किटली घेऊन तो स्वतः आला.

उंच, दाढीवाला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. “तो बघ, युअर मॅन,” सतीश आयरिश थाटात पुटपुटला. बाह्यांचं ठीक होतं. पण तो स्वतः का आला? पद्मिनीताईंनी मान वळवून पाहिलं. मागच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जोडप्यालाही त्यानेच ओतलं. अर्धा गुण दिला.

त्यांच्या ताटलीत पडला तो रस्सा पाण्यासारखा नितळ. ना तर्री, ना रंग. पद्मिनीताईंना आजारी माणसाची आठवण झाली. आणि मग हात सवयीने पर्समध्ये गेला, स्टीलची डबी निघाली, झाकण उघडलं, आणि लसूण-खोबऱ्याच्या लाल चटणीचा वास पार समुद्रापर्यंत गेला.

किटली हवेत थांबली.

“काकू,” तो एकदम मराठीत म्हणाला, “हे काय करून राहिल्या तुम्ही?”

“चटणी घालतेय.”

“आधी चाखा तर खरं!”

“त्यात चाखायचं काय? दिसतंय की. पांढरं फटक.”

“दहा तास शिजलंय ते काकू. एक घास. मग मला शिव्या द्या.”

“माझं ताट आहे, मी त्यात काय घालीन ते घालीन.”

“ताट तुमचं. रस्सा माझा.” आणि त्याने शांतपणे डबी उचलली, झाकण लावलं, एप्रनच्या खिशात टाकली. “जाताना देतो.”

सतीशला ठसका लागला. “अरे, तुला माहितीये का तू कुणाच्या…” टेबलाखाली ताईंचा बूट त्याच्या नडगीवर बसला.

रागाने त्यांचे कान तापले होते, पण आत कुठेतरी मोठ्ठं समाधान पसरत होतं. पेपर फुटला नव्हता! ज्याला प्रश्न आधीच माहीत असतात, ते पोर पथक आलं की मधाळ बोलतं. पाणी आणू का मॅडम, पंखा लावू का मॅडम. डबी काढून घेणारा भावी जावई अजून जन्माला यायचा होता.

पण संशय कधी एका पायावर उभा राहत नाही. परक्या बाईपुढे ताठ राहणं सोपं असतं. घरच्यांपुढे काय? कौमुदीचे बाबा, प्रकाशराव, माणूस सोन्यासारखा. ऑफिसात साहेबांशी भांडायचे. पण त्यांच्या आईने पद्मिनीताईंची बी.एड.ची फी परत मागवायला लावली, तेव्हा हाच सोन्यासारखा माणूस पेपर वाचत बसला. ती पदवी त्यांनी पुढे सहा वर्षांनी, स्वतःच्या हिमतीवर घेतली. कौमुदीच्या वाट्याला दुसरा पेपर वाचणारा यायला नको, एवढ्यासाठी ही टोपी घातली होती.

त्यांनी ती काढली.

“मी पद्मिनी. कौमुदीची आई.”

आशुतोषचा चेहरा रश्श्याच्या रंगाचा झाला. तो तसाच वाकला, किटलीसकट.

“किटली ठेव रे खाली, भाजशील,” सतीश ओरडला.

“नमस्कार राहू दे,” पद्मिनीताईंनी हात पुढे केला. “डबी दे.”

त्याचा हात खिशात गेला. मागच्या टेबलावरचे आजी-आजोबा चमचे थांबवून बघत होते. पद्मिनीताईंनी श्वास धरला. द्यायला नको होती त्याने, आणि देईल असंच त्यांना वाटत होतं.

“देतो काकू,” तो म्हणाला. “तीन घास झाल्यावर.”

“आणि एवढ्यासाठी मी नाही म्हटलं तर?”

त्याने किटली टेबलावर ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “तर वाईट होईल. मग संध्याकाळी कौमुदीला सांगीन, माझ्यामुळे झालं म्हणून. पण न चाखता नाही घालू देणार. तुमचंच असं नाही. माझ्या आईलासुद्धा नाही घालू दिलं.”

“आईला?”

“मागच्या वर्षी आली होती ना. सावजीचा मसाला घेऊन. काढून घेतला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.”

उत्तर बरोबर होतं. फार बरोबर होतं. असली उत्तरं पद्मिनीताईंनी अकरा वर्षं पकडली होती.

“आईचा नंबर दे.”

“ताई!” सतीशने कपाळावर हात मारला. “अगं, मुलाच्या आईला तू पहिला फोन केलास की त्याचा अर्थ काय होतो?”

“पडताळणी होतो.”

नागपुरात संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. तिसऱ्या रिंगला इरावतीबाईंनी फोन उचलला. पद्मिनीताईंनी नाव सांगितलं, आयर्लंडहून बोलते म्हणाल्या, आणि थेट प्रश्न टाकला : “तुमच्या मुलाने तुमच्याकडचा मसाला काढून घेतला होता का?”

तिकडून एक लांब उसासा आला.

“तुमचंही घेतलं का हो त्याने?”

“चटणी.”

“अगं बाई! मी तर चार दिवस बोलले नाही त्याच्याशी.”

पद्मिनीताईंनी आशुतोषकडे रोखून पाहिलं. “हा दोन म्हणतो.”

“पहिले दोन दिवस त्याच्या लक्षातच आलं नसेल. हॉटेलातच पडून असतो ना मेला.”

हे मात्र पढवून येणारं उत्तर नव्हतं. पद्मिनीताईंनी खुर्ची जरा ओढून घेतली, डाव्या हाताने फोन कानाशी दाबला आणि उजव्या हाताने चमचा उचलला. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. आशुतोष एकटक बघत होता. त्यांनी चेहऱ्यावर काहीही उमटू दिलं नाही, ती कला त्यांना येत होती.

“ऐकताय ना?” इरावतीबाई विचारत होत्या. “तुम्ही आपणहून फोन केलात, म्हणजे मी काय समजू?”

“थांबा,” पद्मिनीताई म्हणाल्या. “तोंडात घास आहे.” तो तिसरा घास त्यांनी सावकाश गिळला. “आता बोला. तुमच्याकडे साखरपुडा कुणाच्या घरी करतात?”