बसून सांगायची गोष्ट

डॉ. प्रसेनजीत कांबळे गेला, तेव्हा खाली इस्पितळाच्या आवारात कीर्तन ऐन रंगात आलं होतं. नव्या विभागाचं उद्घाटन होतं, म्हणून चेअरमननी मांडव घातला होता. सकाळी पेशंट बघता बघताच प्रसेनजीत कोसळला. मेंदूत रक्तस्राव. ज्या अतिदक्षता विभागात त्यानं निम्मं आयुष्य काढलं, तिथंच त्याच्या जिवलग दोस्ताला, भूल देणाऱ्या डॉ. नौमान मुजावरला, त्याची छाती दाबावी लागली. बरगडी मोडल्याचं हाताला कळलं तरी नौमान दाबत राहिला. मॉनिटरवरची रेघ काही हलली नाही.

चेअरमन वर आले. कपाळाला बुक्का, गळ्यात हार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बजावलं, की शुभकार्यात असलं कानावर पडायला नको. आरती होईपर्यंत श्वासाचं मशीन काढू नका, डॉक्टरांच्या बाईंना प्रयत्न चालू हायत म्हणून सांगा.

"माणूस तर गेलाच की, डॉक्टर. आरतीनंतर गेला म्हणून काय बिघडतंय?"

नौमाननं मशीन चालूच ठेवलं. असल्या प्रश्नांना उत्तरं प्रसेनजीतला सुचायची.

प्रसेनजीतची एक रीत होती. पेशंट दगावला की तो नातेवाइकापुढं लोखंडी स्टूल ओढायचा, त्याच्याहून खाली बसायचा, हात हातात घ्यायचा आणि एकच शब्द सांगायचा. मग उठायचा नाही. कबनूरच्या एका बापानं तोंडावर थुंकलं, तरी पुसून तसाच बसून राहिला. नौमान चिडवायचा, यमाचा जावई आला रे, स्टुलं लपवा. त्यावर प्रसेनजीत म्हणायचा, "मौलाना, कीर्तन उभ्यानं सांगत्यात. मरण बसून सांगायचं. उभा माणूस पळायच्या बेतात असतोय."

कीर्तनाचं त्याला भारी वेड. गडमुडशिंगीच्या सप्त्याला नौमानला गाडीवर मागं बसवून न्यायचा, हातात टाळ द्यायचा, आणि ठेका चुकला की साऱ्यांदेखत म्हणायचा, ह्याला नुसतं झोपवायला येतंय.

नौमान बाहेर आला. प्रसेनजीतची बायको मनाली बाकावर बसली होती. तिच्यापुढं तो उभा राहिला आणि त्याची जीभ आपोआप वळली.

"प्रयत्न चालू आहेत, वहिनी."

मनालीनं त्याला पायापासून वर बघितलं. तिचा अडकलेला श्वास सुटला. ती चक्क हसली.

"तुम्ही उभं हायसा न्हवं? मग हायत ते. बसला असता तर माझा जीवच गेला असता."

लगेच तिनं पुण्याला लेकीला, प्रियदर्शनीला, फोन लावला. पप्पांना उतार पडतोय, नौमानकाका स्वतः हायत, रडत येऊ नको, चार घास खाऊन नीघ. तेवढ्यात चेअरमनचा माणूस पेढ्यांचं ताट घेऊन आला. मनालीनं एक घेतला. खाल्ला मात्र नाही. शुद्धीवर आले की ह्यांना देते म्हणाली आणि रुमालात गुंडाळला.

तो रुमाल नौमानला बघवेना. तो नर्सच्या टेबलापाशी गेला आणि स्टूल ओढलं. फरशीवर ते करकरलं. मनालीचं फोनवरचं बोलणं तुटलं.

"भाऊजी, बसू नका."

त्यानं स्टूल तिच्यापुढं आणलं.

"काय असंल ते उभ्यानं सांगा. मघाशी सांगितलं की उभ्यानं!"

तिनं लाथ मारली. स्टूल कलंडलं, त्याच्या नडगीवर आदळलं. खाली बुवांनी गजर धरला होता. मोठे गोड गळ्याचे बुवा. त्यांचा काय दोष? शेकडो हात टाळ्या वाजवत होते.

नौमाननं स्टूल उचललं, सरळ केलं आणि बसला. रुमालासकट तिचा हात हातात घेतला. पेढा आत चुरडला.

"आई," फोनमधून प्रियदर्शनी म्हणत होती, "पप्पांना दे की जरा."

"गेला," नौमान म्हणाला, आणि बसून राहिला.