रिसायकल बिनचा दहावा

१९९९ साली आमच्या अंबडच्या कारखान्यात प्रयोगशाळेसाठी नवं विश्लेषण यंत्र आलं, तेव्हा संगणकाच्या डिस्कवर त्याच्या सॉफ्टवेअरपुरतीही जागा उरली नव्हती. मुंबईचा इंजिनियर एकाच दिवसासाठी येणार होता. त्या दिवशी यंत्र सुरू झालं नाही, तर ते पुण्याच्या शाखेला जाईल आणि मी पुन्हा थेंब मोजत ब्युरेटच्या काचनळीसमोर उभी राहीन, असं आमचे मॅनेजर धनराजसाहेब यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

संगणक चिंतामणरावांच्या ताब्यात. त्यांच्या घराण्यात गोदाकाठी दशक्रिया विधी करण्याचं काम होतं. नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी ते घाटावर जात. त्यांनी बिनकामाच्या फायली शोधून काढल्या. सर्वांत मोठी निघाली ती कागद बचत समितीची, वर्षानुवर्षांची इतिवृत्तं, स्कॅन केलेल्या फोटोंसकट. ती त्यांनी डिलीट केली. पण फाइल रिसायकल बिनमध्ये गेल्याने जागा मोकळी होत नाही, त्यासाठी बिन रिकामा करावा लागतो. तो दहाव्या दिवसाआधी रिकामा करायला चिंतामणराव तयार नव्हते. आदल्या वर्षी कोणीतरी घाईने बिन रिकामा केला होता आणि सगळ्यांचा पगारतक्ता त्यात गेला होता. त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कोणी धजेना.

दहावा दिवस आणि इंजिनियर एकदमच आले. चिंतामणरावांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर कठड्यावर भाताचा पिंड ठेवला. कावळा आला, बसला, पण शिवेना. म्हणजे फाइलची काहीतरी इच्छा राहिली होती. साहेबांनी हात जोडून तिला सांगितलं, की फोटो जपून ठेवू. मग सांगितलं, की समितीचं नाव सूचनाफलकावर राहील. कावळा पंख साफ करत राहिला. इंजिनियर घड्याळ पाहू लागला. तेव्हा दर्भाचा कावळा करून तोच पिंडाला शिववू या, असं मी सुचवलं.

"ताई, तुम्ही रीडिंग अंदाजाने लिहिता का?" चिंतामणरावांनी विचारलं.

समितीची सचिव तेजश्री हिला मग आठवलं, की मार्चची बैठक झालीच नव्हती. साहेबांनी लगेच शब्द दिला, की पुढच्या महिन्यात घेऊ. कावळा मागे सरकला.

"साहेब, तो इथलाच आहे," तेजश्री म्हणाली. "तुमचा पुढचा महिना त्याला माहीत आहे."

मग बैठक तिथेच, उभ्याउभ्या घेतली. विषय एकच: समिती बंद करणे. एकमताने मंजूर. तरी कावळा हलेना, कारण इतिवृत्त लिहिल्याशिवाय आमच्याकडे बैठक झाली असं मानत नाहीत. तेजश्रीने ते टाइप केलं, पण डिस्क भरलेली असल्याने ते सेव्ह होईना. बिन रिकामा केला तर जागा होणार होती, आणि कावळा शिवल्याशिवाय बिन रिकामा होणार नव्हता. हाताने लिहावं, तर इतिवृत्तासाठी कागद वापरायचा नाही, हा समितीचाच पहिला ठराव. समिती आता बंद झाली, असं साहेबांचं म्हणणं. इतिवृत्तावर सही होईपर्यंत नाही, असं तेजश्रीचं.

इंजिनियर बॅग आवरू लागला. मी काचेवर लिहायची पेन्सिल घेतली, कपाटातून मोठा बीकर काढला आणि त्यावर इतिवृत्त लिहिलं: उपस्थिती, ठराव, सूचक, अनुमोदक. अक्षर बारीक ठेवल्यामुळे ते तीनशे मिलीच्या खुणेपर्यंत बसलं. साहेबांनी खाली सही केली.

बीकर खिडकीत ठेवला. कावळ्याने मान वाकडी करून तो सावकाश पाहिला आणि पिंडाला चोच मारली. चिंतामणरावांनी बिन रिकामा केला आणि हात धुवायला गेले.

संध्याकाळी यंत्र चालू झालं. पहिल्या चाचणीसाठी इंजिनियरला बीकर हवा होता. समोरचाच उचलून त्याने नळाखाली धरला, तेव्हा तेजश्रीने झडप घालून तो काढून घेतला.

"अहो, यावर अजून शिक्का मारायचाय," ती म्हणाली.

मी त्याला दुसरा दिला.