हुद्द्याचा रकाना

“हं, सांगा. तुमची बायको काय काम करते?”

“लॅबमध्ये असते.”

“लॅबमध्ये काय करते?”

“अगं, एवढ्या खोलात कशाला शिरतील ते? त्यांना तुझ्या पगाराशी मतलब.”

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. समोर पलंगावर कागदांचे गठ्ठे मांडले होते: पगाराच्या चिठ्ठ्या, कर भरल्याचे दाखले, पानापानावर शिक्का मारून आणलेला बँकेचा उतारा, नव्या दोन खोल्यांचा करार.

“शिरतात. कागदात लिहिलंय तेच त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचं असतं. पुन्हा. तुमची बायको काय काम करते?”

पलीकडे खाकरल्याचा आवाज आला. “थांब, दार लावतो.”

दार लावून आल्यावर नवरा हळूच म्हणाला, “काचेची भांडी... धुते.”

“पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. संपलं. याच्यावर एक शब्द जास्त नको, एक कमी नको.”

“कळलं गं. शाळेतल्या पोरासारखं काय घोकून घेतेस!”

त्याने फोन ठेवला. पलीकडच्या पलंगावर तिच्याबरोबर राहणारी नर्स गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. ती म्हणाली, “मास्तरीणबाई, तुमचा विद्यार्थी तोंडी परीक्षेला कच्चा दिसतोय.”

“लेखी सगळं मीच लिहून दिलंय,” ती म्हणाली. “तोंडी तेवढं एकच वाक्य आहे.”

मास्तरीणबाई हे नाव नर्सनेच ठेवलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. इकडे येण्याआधी तिने सहा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवलं होतं. इकडे परदेशात ती पदवी चालत नव्हती. चालवून घ्यायची तर आणखी दोन वर्षं फी भरून शिकायला हवं होतं. तेवढे पैसे असते तर ती आलीच नसती. मग पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काचसामान धुवायचं काम मिळालं. पहिल्या आठवड्यातच तिने नवऱ्याला फोनवर सरळ सांगितलं होतं. तो म्हणाला, “हरकत नाही. पण इकडे कुणाला सांगायची गरज नाही.”

पंधरा दिवसांत सासूबाईंचा फोन आला. “काय गं, लावलास का एखादा शोध? इकडे सगळ्यांना सांगून बसलोय आम्ही, सून शास्त्रज्ञ झाली म्हणून.”

तेव्हा ती हसली होती. त्या हसण्याचा तिला पुढे फार राग येत गेला. ‘नाही’ म्हणायला तेव्हा एक मिनिट पुरलं असतं.

त्याला तीन वर्षं झाली होती. मुलगी सहाची होती, ती नऊची झाली. नवऱ्याला आणि मुलीला बोलावून घ्यायचं तर बोलावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न ठरावीक आकड्याच्या वर लागतं. पाच दिवसांच्या पगारात ती त्या आकड्याच्या खालीच राहत होती. म्हणून गेलं वर्षभर तिने शनिवारीही काम केलं. आम्लाचं पाणी हातमोज्यात झिरपून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. तेवढं सोडलं तर वर्ष कसं गेलं हे सांगण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं.

नोकरीचं पत्र प्रयोगशाळेच्या साहेबांनी दिलं होतं. म्हातारे, कमी बोलणारे गृहस्थ. पत्र टाइप करता करता हुद्द्याच्या रकान्याशी ते थबकले.

“इथे प्रयोगशाळा सहायक लिहू का? बाटल्यांवरच्या नोंदींत तुम्ही आमच्या दोन चुका धरून दिल्यात. मला तसं लिहायला काही वाटणार नाही.”

सहायक. घरी वाचून दाखवता येईल असा शब्द.

“नको साहेब,” ती म्हणाली. “कराच्या दाखल्यावर वेगळं आहे. दोन कागद एकमेकांशी जुळले नाहीत तर अर्ज तिथेच पडेल. आहे तेच लिहा.”

साहेबांनी आहे तेच लिहिलं. पत्र घेऊन ती पुन्हा मोरीशी गेली आणि उरलेले चंबू धुतले. धुतलेल्या चंबूच्या आतून पाण्याचा अखंड पापुद्रा सरकत खाली यायला हवा. कुठे थेंब अडला तर समजायचं, चिकटपणा राहिलाय. त्या दिवशी एक चंबू तिने चार वेळा धुतला.

व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवशी नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती कामावर होती.

“झालं एकदाचं. मस्त झालं. पाच मिनिटांत सोडलं.”

“कामाचं विचारलं?”

“विचारलं ना. सांगितलं. तू काळजी करू नकोस. पोरीच्या शाळेचा दाखला आजच काढून आणतो.”

नऊ दिवसांनी पत्र आलं. तिने ते जिन्यातच उभ्याने वाचलं. बोलावणाऱ्या व्यक्तीच्या नोकरीबाबत अर्जदाराने तोंडी दिलेली माहिती कागदपत्रांशी जुळत नाही, सबब उत्पन्नाचे पुरावे आणि वैवाहिक नाते दोन्ही शंकास्पद ठरतात, अर्ज नामंजूर. तीस दिवसांत फेरविचारासाठी लिहिता येईल. तिने पत्र पुन्हा वाचलं. ‘नाते’ या शब्दाशी ती जरा जास्त वेळ थांबली.

फोन लागल्यावर तिने एवढंच विचारलं, “तुम्ही काय सांगितलंत?”

नवरा आधी चिडला, मग सावरला. “अगं, तिथे काचेपलीकडे बसवतात आणि आपण माईकमध्ये बोलायचं. सगळ्या हॉलला ऐकू जातं. माझ्या बरोबर मागच्या खुर्चीवर आपल्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या मुलाचं काम होतं. मला बघून हात काय करतात, बेस्ट लक काय म्हणतात...”

“काय सांगितलंत?”

“शास्त्रज्ञ.”

तिने पत्र पलंगावर ठेवलं.

“त्याने विचारलं, कशावर काम करतात? मी म्हटलं, पाण्यावर संशोधन. त्यात खोटं काय आहे? पाण्याचीच लॅब आहे ना?”

“आणि मग?”

“मग त्याने कागद बघितला. म्हणाला, नक्की ना? उत्तर बदलायचं असेल तर बदला.”

“म्हणजे त्याने तुम्हाला संधी दिली.”

“मागे सेक्रेटरी होते गं! त्यांच्यासमोर काय बोलणार होतो मी? सगळ्या सोसायटीत झालं असतं. मी हे कुणासाठी केलं? तुझ्याच अब्रूसाठी ना?”

“माझ्या?”

“मग कुणाच्या?”

आजवर ते दोघं भांडले होते ते पैशावरून, सासूबाईंवरून, मुलीच्या शाळेवरून. हे भांडण तसं नव्हतं. याच्यात आवाज चढवायला काही जागाच सापडेना.

“हे बघ,” नवरा समजुतीच्या स्वरात म्हणाला, “तुझ्या त्या साहेबांकडून नवीन पत्र आण. सहायक शास्त्रज्ञ म्हणून. एका शब्दाने त्यांचं काय जातंय? नाहीतर लिही की भाषेचा घोळ झाला.”

“मुलाखत आपल्याच भाषेत झाली. दुभाष्या होता. सगळं रेकॉर्ड होतं.”

“मग तूच बघ काय ते. तू शिकलेली आहेस.” मग तो म्हणाला, “पोरीचा दाखला काढून आणलाय मी. जुन्या शाळेत तिची जागा दुसऱ्याला दिली. ती रोज विचारते, आपण कधी जायचं.”

“तिला काय सांगता?”

“सांगतो, तुझ्या आईच्या कागदात काहीतरी राहिलंय.”

तिने फोन ठेवला. नर्स कामावरून येऊन केस विंचरत होती. खोली एकच होती. तिने सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नसल्याचं सोंगही ती करत नव्हती.

“माझा नवरा लोकांना सांगतो, मी मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली आहे,” नर्स म्हणाली. “म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसते मी. आहे ना, हाताखालीच आहे.” ती हसली. तिच्याबरोबर कुणी हसलं नाही तेव्हा कंगवा खाली ठेवून म्हणाली, “आता काय लिहिणार?”

“तेच बघतेय.”

“नवऱ्याला वाचवून लिहा. पोर अडकलीय मध्ये.”

“त्यांना वाचवलं तर पुन्हा कागद जुळणार नाहीत.”

फेरविचाराच्या अर्जात सगळी माहिती पुन्हा भरायची होती. उत्पन्न, तास, खोल्यांची लांबी-रुंदी. हुद्दा. तिने तो पहिल्यासारखाच भरला. शेवटच्या पानावर मोठा रकाना होता: तफावतीचे कारण बोलावणाऱ्या व्यक्तीने स्वहस्ते लिहावे.

दोन दिवस ती कच्च्या कागदावर लिहून पाहत होती. ‘अर्जदार घाबरले.’ खरं होतं, पण कशाला घाबरले ते त्यात येत नव्हतं. ‘अर्जदारांना माझ्या कामाचं स्वरूप नीट ठाऊक नव्हतं.’ हे वाक्य सोपं होतं, नवऱ्यालाही आवडलं असतं. पण ज्याला बायकोचं काम ठाऊक नाही तो नवरा कसला, असं त्या काचेपलीकडच्या माणसाने म्हटलं असतं. ते वाक्य तिने खोडलं.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, प्रयोगशाळेच्या मागच्या टेबलावर बसून तिने शाईच्या पेनने रकाना भरला.

‘मी काय काम करते हे माझ्या पतींना पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मुलाखतीच्या वेळी त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ मागे बसले होते. त्यांच्या देखत पतींना ते सांगता आलं नाही. माझं काम, माझा पगार आणि आमचं लग्न कागदात लिहिल्याप्रमाणेच आहे.’

तिने ते एकदा वाचलं. याचा निकाल कुठल्याही बाजूला लागू शकत होता. आणि तो कसाही लागला तरी हे वाक्य फाइलमध्ये राहणार होतं. अर्जदार म्हणून नवऱ्याच्या हाती या अर्जाची प्रत जाणार होती.

रकान्याचा खालचा अर्धा भाग कोरा राहिला होता. प्रयोगवहीत कोरी जागा तशीच सोडत नाहीत. मागाहून तिथे कुणी काही भर घालू नये म्हणून ती बंद करतात. सहा वर्षं तिने मुलांना हे शिकवलं होतं. तिने ड्रॉवरमधून पट्टी काढली, कोऱ्या जागेवर एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली आणि रेघेच्या टोकाशी सही करून तारीख घातली.