बास कुणी म्हणायचं

मंगळवारी संध्याकाळी धरलेली फुगडी शुक्रवार उजाडला तरी सुटली नव्हती. द्वारकाकाकू साळोखे आणि शशिकलाताई उपळेकर कॉलनीच्या समाजमंदिरात गरगर फिरतच होत्या. दोघींनी साठी कधीच ओलांडलेली. एकीचा गुडघा दुखरा, दुसरीला रक्तदाबाची गोळी. पण फिरायला लागल्यापासून गुडघा गप्प होता आणि गोळीची आठवण कुणालाच झाली नव्हती. पाटबंधारे कॉलनीत याचं आता फारसं नवलही उरलं नव्हतं. येणारे-जाणारे दारातून डोकावत, "अजून चालूच काय?" म्हणून विचारत आणि आपापल्या कामाला लागत.

त्याचं झालं असं. श्रावणात मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा, म्हणून कॉलनीतल्या बायकांचा ग्रुप रोज संध्याकाळी समाजमंदिरात सराव करी. ग्रुप शशिकलाताईंनी उभा केलेला, त्यामुळे शिस्तही त्यांचीच. पूर्वी फुगडी रंगात आली की भोवतीच्या बायका मध्येच "बास, बास" ओरडायच्या. फिरणाऱ्या एकीला ते ऐकू यायचं, दुसरीला नाही, आणि दोघी दोन दिशांना जाऊन आपटायच्या. एकदा तर एकीचा पुढचा दातच पडला. तेव्हापासून ताईंनी नियम करून टाकला. बास फक्त मी म्हणणार, आणि मी म्हणेपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. नियम सगळ्यांनी निमूट पाळला.

मंगळवारचा सराव मात्र ताईंचा शेवटचा होता. मुलगा प्रसन्न त्यांना कायमचं बंगळूरला घेऊन जाणार होता. खोकी बांधून झाली होती. ग्रुपनं गळ घातली की ताई, जाता जाता एक फुगडी तुमची न् द्वारकाकाकूंची होऊनच जाऊ दे. झाल्या की दोघी उभ्या! पायाला पाय जुळवले, हातांचा तिढा घातला, अंग मागं टाकलं आणि सुटल्या. आता बास म्हणायचं काम जिचं, तीच फिरतीय म्हटल्यावर बाहेरून कोण म्हणणार? बाकीच्या कमरेवर हात ठेवून वाट बघत राहिल्या. ताई काही बोलल्या नाहीत. शेवटी जिच्या तिच्या घरी कुकर लावायची वेळ झाली, तशा बायका निघून गेल्या.

द्वारकाकाकूंना तर आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोला, या बाईला शशी जायला नकोच होती. दोघींचे नवरे एकाच धरणावर कामाला होते, तेव्हापासून भिंतीला भिंत लागून संसार. काकूंना मूलबाळ नाही. नवरा जाऊनही बरीच वर्षं झालेली. भाजीला मीठ जास्त झालं हे सांगायला माणूस म्हणजे शशी, आणि उगाच भांडायलाही शशीच. हात सुटला की शशी चालली. हात धरलेला आहे तोवर शशी इथं. काकूंनी बोटं घट्ट आवळली.

"शशे, दमलीस काय?"

"मी? तूच धापा टाकतीयस म्हशीसारखी."

"खुंटीवरची पिशवी, पिशवीत आलं! शशे, तुझ्या पोराचं बंगळूर कुठं गेलं?"

"ओट्यावरचा डबा, डब्यात रवा! द्वारकीच्या नाकाला रागाची हवा!"

आणि दोघी खदाखदा हसल्या. खाण्यापिण्याची अडचण अशी नव्हतीच. ग्रुपमधली कुणीतरी बरोबरीनं पळत थालीपिठाचा तुकडा तोंडात भरवी. एकीला डुलकी लागली की दुसरी दोघींचं फिरे.

बुधवारी दुपारी समाजमंदिराचे कोपरे झिजून गेले. चौकोनी खोली सकाळी थोडी बोथट झाली होती, ती जेवणं आटोपेपर्यंत चांगली गोल झाली. याचा सगळ्यात जास्त त्रास बापू इंगवल्यांना व्हायला हवा होता. बापू म्हणजे निवृत्त कालवा निरीक्षक. कालव्याचं पाणी जसं पाळीनं सोडायचं, तसं त्यांनी समाजमंदिरही पाळीनं सोडलं होतं. सकाळी हास्यक्लब, मग भजनी मंडळ, मग पोरांची लेझीम, मग कॅरमवाले, मग बायका. एकाची पाळी दुसऱ्यावर जरा चढली की बापू शिट्टी मारत. तरी भांडणं व्हायचीच, कारण कॅरमवाल्यांना पंख्याखालचा कोपरा हवा असे आणि भजनवाल्यांनाही नेमका तोच.

बापूंनी गोल खोलीला आतून एक फेरी मारली. हातानं भिंत चाचपली.

"कोपराच नाही म्हटल्यावर पाळी कसली लावायची?" ते म्हणाले, आणि शिट्टी गळ्यातून काढून खिडकीत ठेवून दिली.

मग काय विचारता! सगळे एकदमच आले. मधोमध फुगडी, तिच्याभोवती भजन, भजनाभोवती लेझीम, लेझमीभोवती कॅरम, आणि कडेला हास्यक्लब. लेझमीच्या ठेक्यावर अभंग पहिल्यांदाच कुणी म्हटला असेल, पण तो बसला मात्र छान. जे जे फुगडीच्या जवळ येई ते तिच्या दिशेनं फिरायला लागे. कॅरमची राणी कुणी न मारताच बोर्डाला चकरा घाली, आणि खेळणारे टाळ्या पिटत. हास्यक्लबाचं तर भलतंच होऊन बसलं. सकाळी सोडलेलं हसू भिंतीभिंतीनं फिरून संध्याकाळी परत येई आणि ज्याचं त्याला मिळे. कधी चुकून दुसऱ्याचं मिळे. बापूंना एकदा तिसरीतल्या पोरीचं हसू मिळालं. पांढऱ्या मिशांतून ते किणकिणत बाहेर पडायला लागलं, तेव्हा बापू आधी दचकले, मग म्हणाले, "राहू दे माझ्याकडे उद्यापर्यंत." पोरगी बापूंचं ढगासारखं हसू घेऊन शाळेत गेली. वर्ग दणाणला म्हणे.

गुरुवारी फिरणं दाराबाहेर पडलं. आधी चपला फिरल्या, मग झाडांच्या कुंड्या, मग घरं. घरं हळूहळू फिरत, आतल्या चहाला हिंदकळाही बसत नसे. समाजमंदिराच्या दारात उभं राहिलं की एकेक घर समोरून जाई आणि आपलं आलं की माणूस उंबऱ्यावर पाय टाकून आत जाई. शिकलगारचाचांचे पाय गेले होते. वर्षभर ते खिडकीशी बसून होते, कॅरम म्हटलं की नुसते डोळे मिटत. गुरुवारी त्यांची खिडकीच समाजमंदिराच्या दाराला येऊन लागली. चाचांनी खिडकीतून हात बाहेर काढला, स्ट्रायकर ठेवला आणि पहिल्याच टिचकीत काळी घेतली. अहो, काय ओरडले लोक! चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं, तोवर खिडकी पुढं सरकलीही. पुन्हा येईपर्यंत सगळ्यांनी त्यांचा डाव राखून ठेवला.

एवढंच झालं की कॉलनीच्या गेटातून कुणाला बाहेर पडता येईना. गेट ओलांडलं की माणूस समाजमंदिरासमोरच येई. दूधवाल्यानं सकाळी दोनदा प्रयत्न करून बघितला आणि तिसऱ्यांदा तो टाळ घेऊन भजनात बसला. येणाऱ्याला मात्र येता येत होतं. येणारे येत होते आणि राहत होते.

द्वारकाकाकूंनी फिरता फिरता हे सगळं बघितलं आणि त्यांच्या मनात आलं, आता बंगळूर आपोआपच राहिलं. देवच पावला.

शुक्रवारी प्रसन्न ट्रक घेऊन आला.

पोरगा गुणी. त्यानं आधी बापूंना, चाचांना नमस्कार केला, ड्रायव्हरबरोबर खोकी चढवली, घराला कुलूप घातलं आणि मग समाजमंदिरात येऊन आईच्या बाजूनं पळायला लागला.

"आई, चल ना. बास म्हण आता."

"म्हणते की. जरा थांब."

"थांबू कुठं? मी पळतोय."

"मग पळ," द्वारकाकाकू म्हणाल्या. "लहानपणी माझ्या ओट्यावरनं लाडू पळवताना बरा पळायचास."

"मावशी, तुम्ही तरी सांगा हो हिला. निवेदिताची बाळंतपणाची सुट्टी संपली. ती कामावर गेली की बाळाजवळ कोण आहे आमच्या?"

काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. प्रसन्नला काय सुचलं कोण जाणे, त्यानं खिशातून फोन काढला, बंगळूरला लावला आणि पळणं सोडून एका जागी फोन धरून उभा राहिला. फोनमध्ये त्याची मुलगी होती. दात न आलेली, टकली, मूठ चोखत बसलेली. शशिकलाताई तिच्यासमोरून गरकन गेल्या. पोरगी हसली. आजी गेली, तसं तोंड पाडलं. आजी आली, पुन्हा हसली. तिला वाटलं, हा खेळ आपल्यासाठीच मांडलाय.

आता फुगडीत नजर समोरचीच्या नजरेत ठेवायची असते, नाहीतर भोवळ येते. ते ताईंनीच सगळ्यांना शिकवलेलं. पण काकूंच्या लक्षात आलं की फोनपाशी आलं की शशीची मान वळतीय. प्रत्येक फेरीला वळतीय. पुढं निघून गेल्यावरसुद्धा मागंच राहतीय. त्या एवढ्याशा टकल्या पोरीचा काकूंना असा राग आला, असा राग आला, की त्यांची त्यांनाच लाज वाटली. मग पुढच्या फेरीला पोरगी काकूंकडेही बघून हसली.

"मेली गोड आहे गं," काकू म्हणाल्या.

"आहेच," ताई म्हणाल्या.

बाहेर ट्रकवाल्यानं कंटाळून गाडी काढली होती. तो गेटातून बाहेर पडे आणि समाजमंदिरासमोर येई, बाहेर पडे आणि समोर येई. ब्रेक लागत नाहीत असं तो दर वेळी खिडकीतून सांगून जाई.

"शशे, तुला जायचंय."

"जायचंय गं."

"मग बास म्हण."

"तोंडाशी येतं आणि परत जातं. मंगळवारपासनं तेच चाललंय. तुला काय वाटलं, मी विसरले?"

"मला वाटलं, मीच धरून ठेवलंय तुला."

"तुझ्या हातात एवढा जोर होता कधी? साधं बरणीचं झाकण माझ्याकडनं उघडून नेतेस."

काकूंना हसू आलं आणि रडूही आलं, आणि फिरण्यात दोन्ही डोळ्यांतलं पाणी कानाकडं गेलं.

"तू म्हण," ताई म्हणाल्या.

"मी? नियम तुझा आहे."

"मग घे. दिला तुला. ग्रुप तुझा, स्पर्धा तुझी. आजपासून बास तू म्हणायचं."

"आगाऊ कुठली! जाता जाता ओझं माझ्या गळ्यात!"

"मग कुणाच्या घालू? दुसरं कोण आहे मला?"

हे ताई जरा जोरातच बोलल्या. टाळ थांबले, लेझीम थांबली. ग्रुपमधल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळे द्वारकाकाकूंच्या तोंडाकडं बघत होते, आणि तोंड तर कुणाच्याच समोर ठरत नव्हतं.

काकूंनी मोठा श्वास घेतला. आयुष्यात त्यांनी कधी कुणाला बास म्हटलं नव्हतं. वाढायला बसल्या की समोरचा म्हणायचा. मंडळाच्या बैठकीत त्या मागं बसायच्या. आता म्हटलं तर शशी जाणार, आणि नाही म्हटलं तर बंगळूरला ती टकली पोरगी मूठ चोखत दाराकडं बघत राहणार. काकूंनी शशीच्या डोळ्यांत बघितलं. शशीनं मान हलवली.

"बास!" काकू ओरडल्या.

असा आवाज त्यांच्या गळ्यात असेल हे कॉलनीत कुणाला ठाऊक नव्हतं. दोघींचे पाय जागच्या जागी थांबले. कुणी पडलं नाही, कुणी आपटलं नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी काकूंचं नाव घेऊन घेऊन टाळ्या वाजवल्या. शशिकलाताईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. काकू लाजल्या, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की म्हणून सोय नाही.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की थांबल्यात त्या दोघीच. बाकीचं फिरतच होतं. टाळ्या वाजवणाऱ्या बायका टाळ्या वाजवत वाजवत समोरून गेल्या. बापू गेले, बोर्ड गेला, खिडकीतून हात हलवत चाचा गेले. उलट वेग थोडा वाढलाच होता.

दोघी हातात हात घेऊन दारापर्यंत चालत गेल्या. चालणं आता अवघड वाटत होतं, पाय सारखे वळत होते. समोरून पाण्याची टाकी गेली, काकूंचं घर गेलं, ताईंचं कुलूप घातलेलं घर गेलं. मग ट्रक आला. बास ऐकताच प्रसन्न फोन खिशात टाकून चालत्या ट्रकवर ड्रायव्हरशेजारी चढला होता. दार सताड उघडं टाकून, एका हातानं दांडा धरून तो बाहेर लटकला होता आणि दुसरा हात त्यानं लांब केला होता.

"आई, आता!"

ताईंनी पाय उचलला, पण ट्रक निघून गेला.

"उशीर केलास," काकू म्हणाल्या. "आधीच उचलायचा पाय. जरा अंदाज घेऊन."

"तू ढकलशील काय मागनं?"

"ढकलते की."

ताईंनी निऱ्या वर उचलून कमरेला खोचल्या. टाकीच्या मागून ट्रकचा आवाज आला. सगळी कॉलनी फिरता फिरता ओरडायला लागली, "आला, आला!" आणि प्रसन्नचा हात कोपऱ्यावरून दिसायला लागला. द्वारकाकाकूंनी एक तळवा शशीच्या पाठीवर नीट टेकवला. दुसरा हात अजून शशीच्याच हातात होता.