चार मैलांची वाट

रवींद्रचा फोन शनिवारी गराजमध्ये फरशीवर पडला आणि स्क्रीन काळी झाली. दुरुस्तीवाल्याने सोमवारपर्यंत ठेवून घेतला. "दोन दिवस फोनशिवाय जगून बघ," त्याची बायको उल्का हसत म्हणाली. तो हसला नाही.

रविवारी दुपारी तिला कढीसाठी दही आणि कोथिंबीर हवी होती. परदेशात, ईडन प्रेरी या गावी येऊन त्यांना चोवीस वर्षं झाली होती आणि इंडियन ग्रोसरी चार मैलांवर. रवींद्र किल्ली हातात घेऊन बराच वेळ दारात उभा राहिला.

"तू येतेस का?"

"डाळ गॅसवर आहे. जाऊन ये ना."

तो गेला. तासाभराने तिने सवयीने त्याला फोन लावला आणि मग तिला आठवलं, फोन दुकानात आहे. दोन तास झाले. तिने त्यांचा जुना मित्र जगन्नाथ याला बोलावून घेतलं. दोघं निघणार तोच दारात पोलिसांची गाडी थांबली. मागच्या सीटवर रवींद्र बसला होता.

वीस मैलांवरच्या एका पेट्रोल पंपावर तो तासभर गाडीत बसून होता. तिथल्या बाईने विचारलं, तर त्याला घरचा पत्ता सांगता येईना. शेवटी पोलिसांनी लायसन्सवरून वाचला.

"रस्ता बंद होता का?" उल्काने विचारलं.

"नाही. ओळखीचा वाटला नाही."

एके काळी नवीन आलेल्या मराठी मुलांना हाच माणूस कागदावर सगळ्या गावाचा नकाशा काढून द्यायचा. गेली दोन वर्षं मात्र ग्रोसरीला जातानाही तो फोनवर रस्ता लावायचा. ट्रॅफिक बघतो, असं तिला वाटायचं. मीटिंग, गोळ्या, वाढदिवस, सगळं फोन सांगायचा. आयटीतला माणूस, त्यात नवल ते काय?

सोमवारी फोन दुरुस्त होऊन आला. रवींद्रने तो उघडून तिच्या हातात दिला. "बघ. आता तू बघच."

त्याने नोंदी लिहून ठेवल्या होत्या. जगन्नाथ: जाड चष्मा, पुण्याचा, बायपास झालीय. डावीकडचे शेजारी: टॉम आणि लिंडा. चहात साखर घालायची नाही. फाइल सेव्ह करायच्या पायऱ्या, एक ते नऊ. मग एक ओळ: उल्काची आई गेली आहे. तिची तब्येत विचारायची नाही.

उल्का खुर्चीवर बसली. मागच्या दिवाळीत त्याने खरंच विचारलं होतं, "आई काय म्हणतायत?" आईला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तुला कशाचीच पर्वा नाही, असं म्हणून ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"फोनवर भागत होतं," तो म्हणाला. "भागतंय तोवर भागू दे, म्हटलं."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर थोडा वेळ हाताशी राहिला असता, असंही सांगितलं. उल्काने परत येताना गाडी चालवली.

मे महिन्यात त्याने नोकरी सोडली. लायसन्स परत केलं तेव्हा काउंटरवरच्या मुलीला त्याने "थँक यू" म्हटलं आणि बाहेर येऊन तो रडला. दुसऱ्या राज्यातल्या श्रूजबरीहून मुलगी, स्वानंदी, फोन करत राहिली, "बाबा, इकडे या." उल्काने नको म्हटलं. नव्या घरात त्याला बाथरूमही सापडली नसती.

आता रोज संध्याकाळी दोघं तळ्याकाठी फिरायला जातात. ती मुद्दाम अर्धं पाऊल मागे राहते. वळणावर तो थांबतो, इकडेतिकडे बघतो आणि एक वाट धरतो. चुकीची असली तर उल्का लगेच सांगत नाही. थोडं त्याच्याबरोबर चालते, मग हात धरून हळूच म्हणते, "चल, आज इकडून जाऊ."

तोही काही न विचारता वळतो.