दाराकडची रांग

बोऱ्हाडेबाईंचा तिसरीचा वर्ग पोळ्याच्या सुट्टीनंतर लांबायला लागला. मागची भिंत रोज थोडी सरकायची. मुलांना त्याचं काहीच नव्हतं. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी लंगडी सुरू केली. बाईंनी मात्र फरशीवर खडूने खूण केली आणि पाळत ठेवली.

दोष भिंतीचा नव्हता. बाई प्रश्न विचारायच्या आणि जरासुद्धा न थांबता उत्तर स्वतःच देऊन मोकळ्या व्हायच्या. तसं झालं की भिंत मागे जायची. एकदा प्रश्न विचारल्यावर त्यांना ठसका लागला. त्या खोकत राहिल्या, आणि जूनपासून तोंड न उघडलेल्या, शेवटच्या बाकावरच्या हर्षलीने उत्तर दिलं. भिंत वीतभर पुढे आली. मग बाई प्रश्न विचारून गप्प राहायला शिकल्या. हे किती जड जातं ते शिक्षकालाच विचारावं. दिवाळीपर्यंत वर्ग होता तेवढा झाला. हर्षली तर आता न विचारलेलंही सांगायची.

बाईंचा आनंद गगनात मावेना. त्यांनी यावर कृतिसंशोधन लिहिलं आणि जिल्ह्याच्या समितीपुढे मांडलं. समितीचे डॉ. कुलथे भला माणूस. उमेदीची वर्षं त्यांनीही फळ्यापुढे काढलेली. त्यांनी सगळं मन लावून ऐकलं.

"उपक्रम छान आहे, मॅडम. पण याला संशोधन कसं म्हणायचं?"

"सर, भिंत पुढे आली."

"आली ना. पण तुमच्या थांबण्यानेच आली कशावरून? थंडीने आली असेल. अर्ध्या मुलांसाठी थांबा, अर्ध्यांसाठी थांबू नका. मग बोलू."

बाईंना ते झोंबलं, आणि वाईट म्हणजे पटलंही. त्यांनी आजवर जे जे केलं ते 'उपक्रम' म्हणून फायलीला लागलं होतं. एकदा तरी कुणी त्याला संशोधन म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. खिडकीकडच्या रांगेसाठी थांबायचं, दाराकडच्या रांगेसाठी नाही. हर्षलीची चिठ्ठी दाराकडची निघाली. बाईंनी ती पुन्हा घडी करून हातात धरली. पण चिठ्ठी बदलली तर मग संशोधन कसलं? त्यांनी ती बदलली नाही.

वर्ग एकाच बाजूने लांबत गेला.

"बाई, माझं येतंय," हर्षली मागून म्हणायची. तोवर उत्तर फळ्यावर लिहून झालेलं असायचं. पुढे पुढे तिचं 'येतंय' मधल्या सुट्टीत पोचायला लागलं, मग दुसऱ्या दिवशी. खिचडीचं ताट तिच्यापर्यंत जाईस्तोवर निवून जायचं. समिती येईपर्यंतच, असं बाई स्वतःला बजावायच्या.

समिती आली. खिडकीकडची रांग मोजून झाली. दाराकडे टेप पुरेना. कुलथे सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या बाजूला बराच वेळ पाहिलं.

"अभिनंदन, मॅडम. हे संशोधन आहे."

बाईंना हे ऐकायचं होतं. ऐकलं, आणि काहीच वाटलं नाही.

"आता मी त्यांच्यासाठी थांबू का, सर?"

"थांबा की. आता काय हरकत आहे?"

बाईंनी गळा साफ केला. "हर्षली, सात पंचे किती गं?"

प्रश्न बाकांवरून निघाला. बाई गप्प राहिल्या. खिडकीकडची मुलंही गप्प राहिली. त्यांना आता सवय होती. खूप वेळाने, पार तिकडे, एक हात वर झाला.

"पस्तीस," कुलथे सर म्हणाले.

हात खाली आला नाही. तो तसाच वर राहून भिंतीबरोबर मागे जायला लागला.