पाडसाआधी आई

"आधी लहान, मग आई."

हा आवाज मी जन्मताना ऐकला. माझ्या पहिल्या पायरीत खिळा शिरत होता आणि शिडी धरून उभ्या असलेल्या, रानाच्या मालकीण मार्गरेटबाई सुताराला बजावत होत्या, "इथं बसेल त्याला हे सांगायचं. आई पडली, तर मागे राहिलेल्याला पाजणार कोण? वाट दाखवणार कोण?"

मित्रांनो, मी एक जुने मचाण आहे. बर्मिंगहॅमपासून तासाभराच्या वाटेवर, ओकच्या रानाच्या कडेला चार खांबांवर उभे. या देशात लांडगा उरला नाही. हरणे वाढतात, कोवळी रोपे खाऊन टाकतात, नवे रान उगवतच नाही. म्हणून हिवाळ्यात काही हरणे मारावी लागतात. मारणारा माझ्यावर बसतो, कारण उंचावरून सुटलेली गोळी मातीत शिरते, वाटसरूला लागत नाही. "गुणाचं आहे हो हे," मार्गरेटबाई माझ्या खांबावर थाप मारून म्हणायच्या. त्या होत्या तोवर मला दरसाल तेल मिळे.

पुढे डॉक्टर शशिधर येऊ लागले. शिकार रीतसर शिकलेले, हात स्थिर. हॉस्पिटलात ते भूल द्यायचे.

"मराठी मंडळात मला चिडवतात," एका संध्याकाळी ते लेकीला सांगत होते. "म्हणतात, माणसांना झोपवून उठवतोस, हरणांना मात्र उठवायचं विसरतोस!"

वरदा खुदकन हसली. ती तेव्हा शाळकरी होती, पहिल्यांदाच माझ्यावर चढलेली. तेवढ्यात झाडीतून एक हरिणी आली. मागोमाग तिचे पाडस. अंगावरचे ठिपके थंडीने विझत आलेले, पाय अजून गवताला बिचकणारे. डॉक्टरांनी नेम धरला तो पाडसावर.

"बाबा, नको ना! तो बेबी आहे. मोठीला मार."

लेकीचे डोळे भरले होते. बापाच्या बंदुकीची नळी आईकडे वळली. गोळी आईला लागली. पाडस दचकले, पळाले, परत आले, आईला हुंगत राहिले. डॉक्टरांनी पुन्हा बंदूक उचलली, लेकीकडे पाहिले आणि खाली ठेवली.

त्यांना ती दया वाटली. मलाही वाटली.

मग मी पाहिले ते सांगते ऐका. दिवस कलला की पाडस यायचे. आई पडली होती त्या जागी उभे राहायचे, हाक मारायचे. दुसऱ्या हरिणी जवळ आल्या की ते त्यांच्याकडे धावायचे, आणि त्या डोक्याने त्याला ढकलून द्यायच्या. त्याचे हाडन्‌हाड दिसू लागले. हिम पडले त्या संध्याकाळी ते तिथेच बसले, आणि उठले नाही.

डॉक्टरांनी ते पाडस पाहिले तेव्हा लेक सोबत नव्हती. त्यांनी कुदळीने गोठलेली माती फोडली. हात मातीने भरलेले असतानाच फोन वाजला. लेक पाडसाबद्दल विचारत होती.

"हो बाळा, दिसलं ना," ते म्हणाले. "कळपात आहे. मजेत आहे."

नंतर ते फारसे आले नाहीत. मार्गरेटबाई गेल्या. माझ्यावर शेवाळ चढले, एक पायरी कुजली, पाऊस माझ्या सांध्यांत मुरला. विचारणारे कुणी नव्हते.

यंदा नोव्हेंबरात ते आले, केस पांढरे झालेले. सोबत वरदा. आता तीही शिकून तयार झालेली, बंदूक तिच्या हातात. समोर पुन्हा एक हरिणी, मागे पाडस. जणू रानाने तेच जुने गाणे पुन्हा म्हणायला घेतले होते.

"आधी पाडसावर नेम धर," डॉक्टर कुजबुजले.

गोळी सुटली. हरिणी कोसळली.

"वरदा! काय केलंस हे?"

"चिल, बाबा. तू पण तसंच केलेलं ना? मोठी मारली, बेबी सोडला."

"दे ती बंदूक. लवकर दे. अजून उभं आहे ते."

तिने नळीवर हात ठेवला. "नो वे. अरे, मॅनेज करेल तो. तेव्हाच्या बेबीने पण केलं ना?"

पाडसाने एकदा वर, आमच्याकडे पाहिले. मग ते नेच्यांच्या झुडपांत शिरले, आणि मागे फक्त पाने हलत राहिली. अंधारून येत होते. आता ते कुणाला सापडणार नव्हते.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला हाक मारता येत नाही, कुणाचा हात धरता येत नाही. तुम्हाला येतो. जीव घ्यावा लागलाच, तर मागे कोण उरते ते आधी पाहा. आणि दयेच्या हातून चूक झाली, तर ती मुलांपासून लपवू नका. एवढेच माझे मागणे. ते कुणी ऐकेल, असे मला आता वाटत नाही.

वरदा मात्र हसत होती. "बघ, गेला पण कळपात."

डॉक्टरांनी तिच्या हातातून बंदूक घेतली, रिकामी केली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले,

"ते मेलं होतं, वरू. उपाशी. मीच पुरलं त्याला."